उपड्या विहिरीतले आठ दिवस

हौसा, तुला कुठं ठेवलंय ते आधी सांगतो, म्हणजे तुझ्या जिवाला घोर नको. तुझ्या त्या उपड्या विहिरीतच ठेवलंय. दारातून वाकून आत गेलं की डाव्या अंगाला, खालून पाचवा थर, माझ्या छातीएवढ्या उंचीवर. तिथला पुढचा दगड कधीचा निखळलाय, म्हणून जागा ऐसपैस आहे. कोनाडा कोरडा आहे. सलग तीन दिवस पाऊस लागला होता, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कोपरापर्यंत हात घालून बघितलं, थेंब नाही. मडक्याच्या तोंडाला तुझ्या निळ्या लुगड्याचं फडकं बांधलंय. गाठ मी मारलीय, तेव्हा सुटायची काळजी नाही.

केतकीनं, आपल्या सूनबाईनं, ही वही दिली. म्हणाली, "बाबा, आपल्या इथल्या मराठी मंडळींचा अंक निघतोय. आईंवर तुम्हीच लिहा. जन्म कुठला, गाव कुठलं, मागे कोण कोण, असं."

मी म्हणलं, "ते सगळं तिला माहीत आहे."

"अहो, वाचणाऱ्यांना नाही ना माहीत."

वाचणाऱ्यांनी बाजूला बसून ऐकावं. नवराबायको भांडायला लागली की गल्ली ऐकतच असते. मी चौथी शिकलोय, मला एका वेळी एकाशीच बोलता येतं, आणि मला तुझ्याशी बोलायचंय.

घरात का नाही ठेवलं, हे तुला सांगायला नको. अस्थी उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. आपल्याकडं तिसऱ्या दिवशी गोळा करून नदीला सोडतात, आणि थांबायची वेळ आलीच तर बाहेर झाडाला टांगतात. इथंही नदी आहे, पण तू दवाखान्यात जायच्या आधीच सांगून ठेवलं होतंस, "माझं काय झालं तर मला कृष्णेला न्या. हितल्या गार पाण्यात सोडू नका, मला सोसायचं न्हाई." आता कृष्णेला न्यायचं तर विमान पाहिजे, आणि गावाकडं जायला वाट नव्हती. झाडाला टांगावं म्हणलं तर सुनील म्हणाला, "बाबा, शेजारी पोलिसांना फोन करतील." म्हणून त्यानं तुला परसातल्या लाकडी खोलीत ठेवलं, गवत कापायच्या मशीनशेजारी. पोराची चूक नाही, त्याला दुसरी जागा सुचली नाही. पण मला ते बघवेना. जन्मभर तू घमेल्या-फावड्यांच्या शेजारी बसून भाकरी खाल्लीस. मेल्यावर परत अवजारांच्या खोलीत?

मग मला ती जागा आठवली.

आपण इथं आलो ते सुनीलच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला. तीन महिन्यांसाठी. तू दोन स्वेटर आणलेस आणि म्हणालीस, बास झाले. होम झाला, सत्यनारायण झाला, आणि पंधरा दिवसांत सगळी दुनिया बंद पडली. घरापासून दोन किलोमीटरच्या पलीकडं पाऊल टाकायचं नाही असा हुकूम निघाला. सुनीलनं फोनवर नकाशा काढून गोल मारून दाखवला. तो इथल्या लिक्सलिप गावच्या कारखान्यात कॉम्प्युटरच्या चिपा करतो, त्याच्या बोलण्यात सगळं मापात असतं. म्हणाला, "ह्या गोलाच्या आत कुठंही फिरा." गोलात होतं काय? एक दुकान, एक पेट्रोल पंप, एक बंद चर्च, आणि जुन्या जमीनदाराची ती इस्टेट. मोठं घर कुलपात, कुरणात मेंढरं, आणि मेंढरांच्या मधे ते गोल दगडी बांधकाम.

लांबून मला वाटलं, चुन्याची भट्टी असेल. तू पुढं गेलीस. दार कमरेएवढंच आहे. तू वाकून आत गेलीस आणि आतून तुझी हाक आली. "अवो, लवकर या. ही तर हीर हाय! उपडी घातलेली हीर!"

मी आत आलो आणि उभाच राहिलो. मी जन्मभर विहिरी बांधल्या, हौसा. आत उतरून वर बघितलं की काय दिसतं ते मला झोपेत विचार. गोल भिंत, थरावर थर, आणि वर आभाळाची टिकली. तिथं तेच होतं, फक्त आपण जमिनीवर उभे होतो. भिंत जसजशी वर जाते तसा एकेक थर बोटभर आत सरकत गेलाय, आणि माथ्यावर पाटाएवढं भोक उघडं ठेवलंय. खालून लाकडाचा टेकू न देता असं मिटवत न्यायचं म्हणजे हाताला डोळा पाहिजे. मी भिंतीवरून हात फिरवला. कुठं पोट आलेलं नाही. ज्यानं कुणी बांधलं त्याचा ओळंबा खरा होता. आणि वासही आपल्या जुन्या विहिरीचाच. ओल, दगड आणि पारव्यांची विष्ठा.

आणि खालपासून वरपर्यंत कोनाडेच कोनाडे. हात आत घातला की आतून डावीकडं वळतात, घरट्याला आडोसा म्हणून. तू म्हणालीस, "चारशे असतील." मी म्हणलं, "साडेतीनशेच्या वर नाहीत." दुसऱ्या दिवशी मोजायला गेलो. तू उजवीकडून मोजत आलीस, मी डावीकडून, आणि मधे एकमेकांना धडकलो. तुझं चारशे बारा भरलं, माझं तीनशे चाळीस. तू निखळलेलेही मोजत होतीस. मी म्हणलं, पडलेला दगड मोजायचा नसतो. तू म्हणालीस, "पडला म्हणून काय, कुनाचं तरी घर हुतंच की." त्याच्यावर अजून फैसला झालेला नाही.

घरी आल्यावर सूनबाईनं सांगितलं की त्याला डव्हकोट म्हणतात, जुन्या जमीनदारांचं कबुतरांसाठी बांधलेलं घर. झालं! तुला तेवढंच पाहिजे होतं. दुसऱ्या दिवसापासून तू स्वेटरच्या खिशात मूठभर तांदूळ घेऊन निघायला लागलीस. तिथं अजून दोनचार जोड्या राहतात. दाराशी चपला काढायचीस. मी म्हणायचो, "अगं, मेंढरांच्या लेंड्या आहेत." तू म्हणायचीस, "असू द्या. ज्यानं पाखरांसाठी एवढं बांधलं त्यो देवमाणूसच." आणि एक दिवस तिथंच, पाठमोरी, दाणे टाकता टाकता, तू ते बोललीस. "बघा. परक्या मुलखातल्या सायबानं चारशे घरं ठेवली. तुमाला येक ठेवता आलं न्हाई."

चाळीस वर्षांनी बोललीस, हौसा.

आबा पाटलांच्या मळ्यातली विहीर माझी पहिली. दुसऱ्याच्या हाताखाली नव्हे, माझ्या नावावरची. मी दगड घडवायचो, तू घमेलं वाहायचीस. बांधताना उभं राहायच्या परांचीचे वासे टेकवायला भिंतीत भोकं ठेवावी लागतात, आणि काम संपलं की वरून खाली येत एकेक भोक दगड घालून बुजवायचं, हा आमचा रिवाज. नाही बुजवलं तर पारवे शिरतात, पाणी घाण होतं, आणि मालक म्हणतो गवंड्यानं काम अर्धं टाकलं. सगळी भोकं बुजली, एक राहिलं. त्याच्यात पारवीनं दोन पिल्लं काढली होती. पिवळी लव असलेली, चोचच मोठी, दिसायला अगदी वंगाळ. तू वर काठावर उभी होतीस, डोक्यावर रिकामं घमेलं.

"आठ दिस थांबा. उडून जात्याली."

मी म्हणलं, "आठ दिवस परांची उभी ठेवू? दुसरं काम लागलंय. लोक हसतील, म्हणतील पारव्यांसाठी गवंडी बसून राहिला."

"हसू द्यात की."

मी पिल्लं काढून बांधावरच्या बोरीखाली ठेवली आणि भोक बुजवलं. चांगला दगड बसवला, सांधा दिसणार नाही असा. पारवी दोन दिवस त्या दगडाला धडका देत होती. पिल्लांकडं गेली नाही. तिसऱ्या दिवशी बोरीखाली काही नव्हतं. तुला तेव्हा तिसरा महिना होता.

दिवाळीच्या आधी आपलं पहिलं गेलं. लोक म्हणाले, घमेलं वाहिलं म्हणून. तुझी आई म्हणाली, नजर लागली. मी मनातल्या मनात म्हणलं, पारवीची हाय. तुला वाटत होतं का तसं? मला कधी विचारता आलं नाही. तू एकदाही ते दोन्ही एका वाक्यात घेतलं नाहीस. पुढं सुनील झाला, घर झालं, मी आणखी पुष्कळ विहिरी बांधल्या. पण तू त्या मळ्याच्या वाटेनं कधी आली नाहीस. लांबच्या बांधानं जायचीस. मी विचारायचो का, तू म्हणायचीस, तिकडं काटं हाईत.

म्हणून त्या दिवशी तुझं ते वाक्य ऐकलं तेव्हा तुला काय म्हणायचंय ते मला कळलं. तू लगेच पुढचं बोलायला लागलीस, तांदूळ संपलेत, केतकीला सांगायला पाहिजे. मी बाहेर येऊन मेंढरं बघत बसलो.

आता तू असताना तुला जे सांगितलं नाही ते सांगतो.

तुझा गुडघा धरला होता आणि तू आठवडाभर घरी होतीस, तेव्हाची गोष्ट. केतकी माझ्याबरोबर चालायला आली होती. कुरणाची देखभाल करणारा तो म्हातारा मायकल, तू ज्याला 'टोपीवाला' म्हणायचीस, तो शिडीवर चढून डव्हकोटच्या दगडांमधल्या दरजा भरत होता. चुन्यानं भरत होता, सिमेंटनं नव्हे, म्हणून मला बरं वाटलं. मी खालून खूण केली, दगडाला आधी पाणी पाजा. त्यानं बादली दाखवली, म्हणजे पाजलंय. मग थापी माझ्या हातात दिली. मी दोन सांधे भरले. त्यानं बोट फिरवून बघितलं आणि काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतोय?"

केतकी हसली. "म्हणतायत, तुमचे बाबा इतके दिवस कुठं लपले होते?"

आमची गट्टी जमली. दगडाला भाषा लागत नाही. मी केतकीला म्हणलं, विचार त्याला, हा जमीनदार एवढा धर्मात्मा होता का, की पाखरांसाठी एवढं बांधलं.

मायकल आधी हसला, मग हसायचा थांबला. त्यानं आत नेलं आणि मधोमध जमिनीतला तो गोल खळग्याचा दगड दाखवला. आपल्याला वाटत होतं तिथं पणती लावत असतील. पणती कुठली? तिथं खांब उभा होता, खांबाला आडवा हात, आणि हाताला शिडी. शिडीवर एक माणूस बसायचा आणि खांब फिरवत फिरवत एकेका कोनाड्यात हात घालायचा. पिल्लं महिन्याची झाली, मऊ, भरलेली, उडायला दोनचार दिवस उरलेली, की काढून घ्यायची. जमीनदाराच्या ताटासाठी. उडालेलं पाखरू चिवट होतं म्हणे, म्हणून उडायच्या आत. विष्ठा त्याच्या शेताला. आणि पारवे दिवसभर चरायचे कुणाच्या रानात? कुळांच्या. गरिबाचं धान्य खाऊन यायचे, पण गरिबानं त्यांना दगड मारायचा नाही. मायकल म्हणाला, त्याचा खापरपणजा त्यातलाच एक कूळ होता. म्हणून तो ही भिंत दुरुस्त करतो ती जमीनदारासाठी नाही, बांधणाऱ्यांसाठी. बांधणारेही कुळंच होती.

हौसा, माझ्या हातात हुकमाचं पान आलं होतं. चाळीस वर्षांच्या भांडणाचं. घरी यायचं आणि म्हणायचं, "ऐक तुझ्या देवमाणसाची गोष्ट. मी दोन पिल्लं काढली, त्यानं चारशे घरं रिकामी केली, दर महिन्याला." तू मला ओळखतेस. मी तोंडाचा फटकळ. पाटलाला तोंडावर म्हणालो होतो, तुमच्या चुन्यात चुना कमी आणि माती जास्त. सुनीलच्या लग्नात व्याह्यांना म्हणालो, जिलबी शिळी आहे. जन्मात एक गोष्ट पोटात ठेवली नाही.

घरी आलो तर तू खुर्चीत पाय वर करून बसली होतीस. म्हणालीस, "पारवं कशी हाईत माझी?"

मी म्हणलं, "बरी आहेत. तुझी वाट बघतायत."

केतकीनं माझ्याकडं बघितलं. स्वयंपाकघरात मी तिला म्हणलं, "आईला सांगायचं नाही. सांगितलंस तर माझ्याशी गाठ आहे." ती म्हणाली, "बाबा, मी कशाला सांगू?" आणि पाठ फिरवून कांदा चिरत राहिली. कांदा चिरून झाल्यावरही डोळे पुसत होती.

गप्प राहिलो ते तुझ्यावर दया म्हणून, असं समजू नको. मी म्हणलं, हिला कुठंतरी एक माणूस असा सापडलाय की ज्यानं पाखराला जागा दिली. तो मी नव्हतो. मग तो तरी हिच्याकडं राहू दे.

त्याच्यानंतर तू सगळा उन्हाळा तिकडं गेलीस, पानगळीतही गेलीस. थंडीत दम लागायला लागला तरी अर्ध्या वाटेवरच्या बाकावर बसून, मग गेलीस. मग त्या सकाळी छातीत दुखलं आणि गाडी आली. गाडीत मला घेतलं नाही, दवाखान्यातही सोडत नव्हते, रोगाचे दिवस. सुनील बाहेर गाडीत बसून राहिला. आपल्या नागपूरकडचा एक डॉक्टर होता तिथं. त्यानं स्वतःचा फोन तुझ्या तोंडासमोर धरला, तेव्हा तू दिसलीस. आधी त्यालाच म्हणालीस, "किती वाळलायस रं, बायको जेवू घालती का न्हाई?" तो हसला, आणि फोन हलला. मग मला म्हणालीस, "दाणं टाकलं का?"

मी म्हणलं, "टाकले."

टाकले नव्हते, हौसा. पाऊस होता, आणि माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. तू "बरं" म्हणालीस. तेच शेवटचं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. मी कोट घातला, तांदूळ घेतले आणि आधी तिकडं गेलो. सुनीलला वाटलं, बाबांचं डोकं फिरलं. मी तुला दिलेला शब्द एक दिवस उशिरा पुरा करत होतो.

दहनाला दहा माणसांची परवानगी होती. आपली इनमीन तीन. सुनीलनं फोन उभा करून ठेवला होता, त्यात गाव होतं. तुझी बहीण फोनात रडत होती आणि मधेच तिचं चित्र थांबत होतं, तोंड उघडं, आवाज नाही. इथं लाकडं नसतात, पडदा सरकतो. मी सुनीलला म्हणलं, मी कवटीचा आवाज ऐकला नाही, मला कसं कळायचं ती सुटली?

अस्थी त्यांनी प्लॅस्टिकच्या डब्यात दिल्या. मला मातीचं मडकं पाहिजे होतं. दुकानं बंद. मग परसातली तुझी मेथीची कुंडी दिसली, ती वीतभर उंचीची लाल मातीची. मेथी कधीच गेली होती. कुंडी धुतली आणि बघतो तर बुडाला पाणी जायचं भोक. मायकलकडून मूठभर चुना आणला आणि ते बुजवलं. जन्मभर भोकं बुजवली, शेवटचं तुझ्या मडक्याचं. सांधा चांगला बसलाय.

मायकलला केतकीनं सगळं समजावून सांगितलं. आम्ही अस्थी घरात ठेवत नाही, झाडाला टांगतो, विमान नाही, त्या कोनाड्यात ठेवलं तर चालेल का. सुनील बाजूला उभा राहून कुजबुजत होता, "बाबा, हे लीगल तरी आहे का?" मायकलनं टोपी काढली. मग म्हणाला, "ती रोज यायची. चपला काढायची. शी'ल बी ग्रँड इन देअर." इथं बऱ्याला ग्रँड म्हणतात. कुरणाच्या फाटकाची एक किल्ली त्यानं माझ्या हातात ठेवली आणि मूठ मिटवली.

तुला ठेवलं, फडकं नीट केलं, आणि बाहेर आल्यावर ध्यानात आलं. मी तुला कुठं ठेवून आलो? जिथून एकही पिल्लू आपल्या पंखांनी बाहेर गेलं नाही, अशा जागी. आणि तुला न सांगता. त्या दिवशी परत आत गेलो आणि तुझ्या कोनाड्याशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. शिडी, खांब, ताट, सगळं. माथ्यावरच्या भोकातून उजेड येत होता. वर एक पारवा घुमत होता. आपल्याकडं घरात पारवा घुमला की लोक म्हणतात, आता घर ओस पडणार. मी म्हणलं, घुम बाबा, व्हायचं ते होऊन गेलं.

तू काय म्हणाली असतीस ते मी रोज वेगवेगळं ठरवतो. कधी म्हणतेस, "मग आदी सांगायचं हुतं, माझं तांदूळ वाचलं असतं." कधी म्हणतेस, "मला ठावं हुतं." ते मला जास्त खरं वाटतं. तुला कळलं असेल. तो खळग्याचा दगड तू कितीदा पायानं चाचपला होतास. पण तूही माझ्यासारखीच गप्प राहिलीस का?

मग गावाकडं दुसरी लाट आली. रोज फोन, रोज एक नाव. सुनील म्हणाला, "बाबा, आत्ता जाणं म्हणजे आत्महत्या." मी थांबलो. तू तिथं, मी इथं, मधे एक कुरण. गेल्या पंधरवड्यात जरा उघडलं. सुनीलनं सुट्टी काढली, तिकिटं काढली, दोघांची. नाकात काडी घालायची तपासणीही ठरली. तुला आणायला मी पिशवी घेऊन गेलो.

तुझ्या शेजारच्या कोनाड्यात पारवी बसली होती. मधे एकच दगड आहे. मी हात पुढं केला तशी ती फुगली, पंखानं फटका मारला. तिच्या पोटाखालून दोन चोची बाहेर आल्या. पिवळी लव अजून आहे, पण पंख भरत आलेत. मी हिशेब केला. आठ दिवस, फार तर दहा.

तुला ओढून काढायचं म्हणजे तिच्या अंगावरून हात न्यायचा. ती उडून गेली आणि परत आलीच नाही तर?

रिकामी पिशवी घेऊन घरी आलो. सुनील बॅग भरत होता. "आणलंत आईला?"

"तिकीट आठ दिवस पुढं ढकल."

"काय? बाबा, मला सुट्टी मिळायला काय काय करावं लागलंय माहितीय का? का पण?"

"पिल्लं आहेत."

"कसली पिल्लं?"

"पारव्याची."

त्यानं बॅगेची चेन तशीच सोडली आणि केतकीकडं बघितलं, डॉक्टरला फोन लावू का अशा नजरेनं. मी खाली बसलो आणि त्याला आबा पाटलांची विहीर सांगितली. बोर सांगितली. धडका देणारी पारवी सांगितली. आणि तुझा तिसरा महिना सांगितला. त्याच्या आधी कुणीतरी होतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं, हौसा. आपण दोघांनी त्या पहिल्यालाही दगड लावून बुजवलं होतं, सांधा दिसणार नाही असं.

पोरगं माझ्यासमोर खाली बसलं. मग म्हणालं, "मुलगा की मुलगी?"

मी म्हणलं, "मला नाही माहीत. मी विचारलं नाही. तुझ्या आईला माहीत होतं."

तो उठला, दुसऱ्या खोलीत गेला. दारातून आवाज ऐकू येत होता, इंग्रजीत तारीख बदलायचं बोलत होता. समोरच्यानं कारण विचारलं असावं, कारण सुनील म्हणाला, "फॅमिली रीझन्स." केतकीनं मला सांगितलं, घरचं कारण, असं म्हणाला.

आज सातवा दिवस. सुनीलही येतो रोज माझ्याबरोबर. तो आत येत नाही, दाराशी उकिडवा बसतो. पहिल्या दिवशी बूट घालून बसला होता, आता काढतो. मायकल मेंढरांना पलीकडच्या कुरणात घेऊन गेलाय, इकडं गलबला नको म्हणून.

सकाळी थोरलं पिल्लू कोनाड्याच्या तोंडाशी येऊन बसलं. बराच वेळ नुसतं मान हलवत होतं. मग पडल्यासारखं झालं, आणि पडलं नाही. समोरच्या भिंतीला गेलं, तिथून आणखी वर, एका थरावरून दुसऱ्या थरावर, धापा टाकत. सुनील दाराशी उभा राहिला होता. माझ्या तोंडून "हां, हां" एवढंच निघत होतं, लहान पोर चालायला लागल्यावर म्हणतो तसं. मग ते माथ्यावरच्या भोकातून बाहेर गेलं.

गावाला पोचलो की आधी तुला कृष्णेला नेतो. मग त्या मळ्यात जातो. आबा पाटील राहिले नाहीत, त्यांची पोरं मला नाही म्हणायची नाहीत. तो दगड कुठला ते मला डोळे झाकून सापडेल. छिन्नी-हातोडा घरीच आहे, माळ्यावर, तू तेल लावून ठेवलेला.

दुसरं अजून आत आहे. धाकटं आहे, घाबरट आहे. आईला हाका मारतंय आणि ती बाहेरून उत्तर देतीय, आत येत नाही. मी अंधार पडायच्या आत घरी जाणार, केतकी वाट बघत असेल. तू शेजारी आहेस, मधे एकच दगड. त्याच्यावर लक्ष ठेव. मी सकाळी तांदूळ घेऊन येतो.